नवा शॉकअप दोन महिन्यांत गळला? वॉरंटी कुणाकडे मागायची, कशी मागायची

चंद्रपूर-गडचिरोलीत गाडीचा शॉकअप बदलणं काही नवलाचं राहिलेलं नाही. आष्टी-आलापल्ली-सिरोंचा मार्ग असो, गडचांदूरकडचा सिमेंट पट्टा असो, घुग्घुस-माजरीकडचे कोळशाचे रस्ते असोत, गाडीच्या खालच्या भागाचं काम निघतंच. खरा त्रास पुढे होतो. नवा टाकलेला शॉकअप दोन-तीन महिन्यांत गळायला लागला, की दुकानदार म्हणतो, "रस्तेच असे आहेत भाऊ, कंपनी काय करणार?" मिस्तरी म्हणतो, "पार्टच डुप्लिकेट निघाला." कंपनीकडून उत्तर येतं, "फिटिंग चुकलं." तिघांच्या मधात गाडीमालक.

अशा वेळी पार्ट खरंच खराब असला तरी दावा बुडू शकतो, कारण हातात कागद नसतो. म्हणून शॉकअप घेताना काय पाहायचं, बसवताना काय सांभाळायचं, गळाला तर दोष कुणाचा हे कसं ओळखायचं आणि कुणीच ऐकलं नाही तर कुठे जायचं, याची ही एकत्र माहिती.

शॉकअप नेमका करतो काय?

गाडीचं वजन स्प्रिंग किंवा पाटे उचलतात. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची उसळी आवरण्याचं. आत तेल असतं, पिस्टन असतो आणि बारीक छिद्रांचे व्हॉल्व्ह असतात. चाक खड्ड्यात गेलं की तेल त्या छिद्रांतून दाबानं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत बदलते. सलग खड्डे लागले की तेल तापतं, त्याला फेस येतो आणि पकड ढिली पडते. हा फेस कमी व्हावा म्हणून गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन भरलेला असतो.

तेल आत रोखून धरतो तो वरचा सील. पिस्टनचा चकचकीत रॉड त्या सीलमधून सारखा वर-खाली होतो. रॉडवर कोळशाची, सिमेंटची किंवा लाल मातीची बारीक धूळ बसली, ओरखडा पडला किंवा पावसाळ्याच्या चिखलानं गंज धरला, की सील कापला जातो. म्हणून रॉडवरचं रबरी कव्हर फाटलेलं असेल, तर नवा शॉकअपही फार टिकत नाही.

शॉकअप गेल्यानं नुसतं हाड खिळखिळं होतं असं नाही. चाक जमिनीला नीट चिकटून राहत नाही, त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडी जास्त पुढे जाते. चंद्रपूर-मूल किंवा मूल-सिंदेवाही रस्त्यावर रात्री समोर चितळ किंवा रानडुक्कर आलं, तर तेवढं अंतरही महागात पडू शकतं.

आधी खात्री करा: खरंच शॉकअपच गेला का?

"खालून खडखड आवाज येते" म्हटलं की लगेच शॉकअप बदलायला सांगितलं जातं. पण हा आवाज लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकअपच्या वरचं माउंटिंग यातूनही येऊ शकतो. चांगला शॉकअप काढून नवा टाकला आणि आवाज तसाच राहिला, तर नव्या पार्टला दोष देऊन वॉरंटी मिळत नाही. गाडी जॅकवर किंवा पिटवर घेऊन या जागा आधी तपासून घ्या.

शॉकअप गेल्याची मुख्य लक्षणं अशी:

- नळीवरून तेलाचा ओघळ येणं.
- स्पीड ब्रेकर उतरल्यावर गाडी बराच वेळ डोलत राहणं.
- ब्रेक मारल्यावर नाक जमिनीकडे झुकणं.
- टायर एकसारखा न झिजता जागोजागी खोलगट खाल्ला जाणं.

गाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती वेळा डोलते ते पाहायचं, ही जुनी पद्धत ढोबळ अंदाजापुरती ठीक आहे. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका.

गळती कशी वाचायची?

वॉरंटीचा दावा टिकेल की नाही, हे बरंचसं काढलेला शॉकअपच सांगतो. धुण्याआधी नीट पाहा आणि फोटो काढा.

- सीलच्या खाली नुसता तेलकट ओलावा, त्यावर धूळ: रॉडसोबत तेलाचा पातळ थर बाहेर येतोच. एवढ्यावरून शॉकअप बाद ठरत नाही.
- तेल खालपर्यंत ओघळलंय, रॉड सरळ आणि स्वच्छ, नळीवर कुठेही चेप नाही: सील किंवा बनावटीत दोष असण्याची शक्यता जास्त. इथे दावा भक्कम होतो.
- रॉडवर पान्याचे किंवा पक्कडचे ओरखडे: बसवताना झालेली चूक. कंपनी नाकारणार, जबाबदारी गॅरेजवर येते.
- नळी चेपलेली किंवा रॉड वाकलेला: दगड, खोल खड्डा किंवा अपघात. हे साधारणपणे वॉरंटीत बसत नाही.
- रबरी बुश पिळून फाटलेला: चाकं हवेत लटकत असताना बोल्ट पूर्ण कसले तर असं होतं. गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो.
- रॉडला गंजाचे खड्डे, वरचं कव्हर गायब: जुनं कव्हर तसंच वापरलं असेल तर वाद उभा राहतो.

वॉरंटी एक नाही, तीन असतात

बऱ्याच भांडणांचं मूळ इथंच आहे. आपण कोणत्या वॉरंटीबद्दल बोलतोय, हे आधी ठरवा.

पहिली, नव्या गाडीची. गाडी कंपनीच्या वॉरंटीत असेल तर आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला दाखवा. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सगळीच वॉरंटी रद्द, असं सरसकट सांगितलं जातं. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रकरणात आदेश दिला, सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड लावला आणि अशी सरसकट अट घालू नका असंही बजावलं. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं, तेवढ्यापुरती वॉरंटी नाकारता येते, अशी त्यामागची भूमिका. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिलं. तरीही व्यवहारात एवढं लक्षात ठेवा की बाहेरचा शॉकअप टाकला तर त्या शॉकअपची जबाबदारी गाडीची कंपनी घेणार नाही.

दुसरी, सुट्या पार्टची. ही शॉकअप बनवणाऱ्या कंपनीची. मुदत महिन्यांत, किलोमीटरमध्ये किंवा दोन्हींत लिहिलेली असते आणि "यापैकी जे आधी होईल ते" असं असतं. कार्डामागची बारीक अक्षरं वाचा. अपघात, ओव्हरलोड, चुकीचं फिटिंग आणि भाड्यानं चालणारी गाडी, या अटी तिथंच सापडतात. बहुतेक वेळा फक्त पार्ट बदलून मिळतो, मजुरी मिळत नाही. आणि बदलून मिळालेल्या पार्टची मुदत पहिल्या खरेदीपासूनच मोजली जाते.

तिसरी, कामाची. गॅरेजवाल्यानं मजुरी घेतली म्हणजे ती सेवा झाली. काम चुकलं तर तीही ग्राहक कायद्यात सेवेतली त्रुटी ठरते. पण त्यासाठी मजुरीची पावती पाहिजे.

बिल कुणाच्या नावावर आहे?

आपल्याकडे नेहमीची पद्धत अशी: गाडी मिस्तरीकडे सोडायची, पार्ट तोच चंद्रपूरहून किंवा नागपूरहून मागवतो आणि शेवटी कोऱ्या चिठ्ठीवर एकूण आकडा लिहून देतो. दुकानाचं बिल असलंच तर गॅरेजच्या नावावर. मग दोन महिन्यांनी दुकानदार म्हणतो, "तुम्हाला मी ओळखतच नाही."

म्हणून पार्ट मिस्तरीनं आणला तरी दुकानाचं बिल आपल्या नावावर आणि गाडीच्या नंबरासह मागा. बिलात कंपनीचं नाव, पार्ट नंबर, डावा की उजवा, पुढचा की मागचा आणि तारीख असावी. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि सही घ्या.

"बिल घेतलं तर टॅक्स वेगळा लागेल" हे ऐकून मागे हटू नका. पाकिटावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर आधीच धरलेले असतात, त्यावर आणखी टॅक्स लावता येत नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे; २८ टक्क्यांची भीती आता घालता येणार नाही. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

अस्सल की नकली?

गॅब्रिएल, मोनरो, केवायबी अशा नावाजलेल्या कंपन्यांचे शॉकअप बाजारात मिळतात, तसे गाडीच्या कंपनीच्या डब्यातलेही मिळतात. नाव जितकं मोठं, तितकी नक्कल होण्याची भीती. याशिवाय तिसरा प्रकार म्हणजे रिकंडिशन: जुन्या शॉकअपमध्ये सील आणि तेल बदलून, रंग मारून दिलेला. रिकंडिशन आहे असं सांगून कमी भावात विकला तर तो ग्राहकाचा निर्णय. नवा म्हणून विकला तर ती फसवणूक.

घेताना एवढं तपासा:

- पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला आहे का? पाकीटबंद मालावर हे वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. माल आयात असेल तर देशाचं नावही पाहिजे.
- डब्यावरचा आणि शॉकअपच्या नळीवर कोरलेला पार्ट नंबर जुळतो का?
- क्यूआर कोड किंवा खरवडून पाहायचा कोड असेल तर दुकानात उभं राहूनच तपासा.
- रंगाखाली जुनं वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा गंज दिसतो का?
- "कंपनीचाच माल आहे, फक्त डब्बा नाही" असं म्हटलं तर तो घेऊ नका. डबा नाही म्हणजे बॅच नाही, आणि बॅच नाही म्हणजे दावा नाही.

माल नकली निघाला, तर वॉरंटीसाठी ज्या कंपनीचं नाव छापलंय तिच्यावर दावा चालणार नाही, कारण तो तिचा मालच नाही. तिथे जबाबदार विकणारा. नकली ट्रेडमार्कचा माल विकणं हा ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कंपनीला कळवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या. पाकिटावर माहितीच नसेल तर जिल्ह्याच्या वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे जा.

बसवताना उभं राहा

तासभर मोडेल, पण पुढचा वाद वाचेल.

१. शॉकअप एकाच धुऱ्यावर जोडीनं बदला. एक नवा आणि एक थकलेला ठेवला तर गाडी एका बाजूला वागते.

२. गॅस नसलेला तेलाचा शॉकअप आडवा ठेवलेला असेल, तर बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण दाबून-ओढून घ्यावा लागतो. आतली हवा निघते.

३. रॉड कधीच पक्कडनं धरू देऊ नका.

४. वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि धुळीचं कव्हर झिजलेलं असेल तर सोबतच बदला.

५. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसायचे.

६. पुढे स्ट्रट असलेल्या गाड्यांत स्प्रिंग दाबून धरण्याचं अवजार लागतं. ते नसलेल्या ठिकाणी हे काम देऊ नका. सुटलेली स्प्रिंग जीवावर बेतू शकते. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट करा.

त्याच दिवशी किलोमीटरचा आकडा, डबा, पार्ट नंबर आणि बसवलेला शॉकअप, असे चार फोटो काढून ठेवा.

"रस्ता खराब आहे" हे उत्तर पुरेसं आहे का?

नाही. धक्के सोसणं हेच शॉकअपचं काम. आपल्या भागातले रस्ते कसे आहेत हे इथं माल विकणाऱ्यालाही माहीत असतं. रस्त्यामुळे नुकसान झालं असं म्हणायचं असेल, तर ते पार्टवर दिसलं पाहिजे: चेपलेली नळी, वाकलेला रॉड, तुटलेला कान. रॉड सरळ, नळी धडधाकट आणि तरी दोन महिन्यांत सील गळालाय, तर नुसतं "रस्ता" म्हणून हात झटकता येत नाहीत. दावा नाकारताना कार्डावरची नेमकी कोणती अट लागू केली आणि पार्टवर काय आढळलं, हे लेखी मागा.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी. क्षमतेच्या दुप्पट माणसं कोंबून, वर कॅरियरवर धानाची पोती लादून गाडी हाणली, तर कोणत्याही कंपनीचा शॉकअप टिकणार नाही. असा दावा लढण्यात अर्थ नाही.

दावा कसा करायचा?

१. गळती दिसताच गाडीवर असतानाच फोटो-व्हिडिओ घ्या. किलोमीटरचा आकडा त्यात यावा.

२. शॉकअप खोलू नका, सील बदलू नका. एकदा खोलला की पुरावा गेला.

३. दुकानदाराला आणि कंपनीला लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, पण कंपनीला ईमेल आणि दुकानाला स्पीड पोस्टानं पत्र जास्त पक्कं.

४. पार्ट तपासणीसाठी दिला तर "मिळाला" अशी तारखेची पोच घ्या.

पत्र साधं असू द्या:

"मी दिनांक ........ रोजी आपल्या दुकानातून बिल क्रमांक ........ नुसार ........ कंपनीचा शॉकअप, पार्ट नंबर ........, गाडी क्रमांक ........ साठी घेतला. तो ........ किलोमीटरला बसवला. दिनांक ........ रोजी ........ किलोमीटरला त्यातून तेल गळताना आढळलं. रॉड व नळीवर बाहेरून मार नाही. फोटो सोबत जोडले आहेत. पार्ट १५ दिवसांत बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी. दावा नाकारायचा असल्यास कारण लेखी द्यावं."

बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं म्हणून घाबरू नका. माल सदोष असेल तर बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे.

तरीही ऐकलं नाही तर?

पहिली पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

दुसरी पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे तो आहे.

- खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.
- वकील लावलाच पाहिजे असं नाही.
- ऑनलाइन दाखल करता येतं. जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे.
- तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करावी लागते. "पाहू, करू" म्हणणाऱ्या दुकानदारामागे फिरण्यात ही मुदत घालवू नका.
- समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५ दिवस मिळतात.
- नुसतं पाहून दोष ठरत नसेल तर आयोग पार्ट सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तपासणीचं शुल्क आधी तक्रारदाराला भरावं लागतं.
- निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. त्याचं खंडपीठ नागपुरात आहे.

कायद्यात निकालासाठी तीन महिने आणि तपासणी लागली तर पाच महिने असं उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो. काही हजारांच्या पार्टसाठी आधी लेखी पत्र आणि १९१५, आणि मगच आयोग, हा क्रम परवडणारा.

टॅक्सी, काळी-पिवळी, जिप्सीवाल्यांसाठी

"तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही" असं ताडोब्याच्या जिप्सीवाल्यांना किंवा अहेरी-एटापल्लीकडच्या प्रवासी गाडीवाल्यांना सांगितलं जाऊ शकतं. व्यापारी हेतूनं घेतलेला माल कायद्यातून वगळलेला आहे, हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, असं कायद्यातच स्पष्ट आहे. एक गाडी, स्वतः चालवतो आणि त्यावरच घर चालतं, तर तुम्ही ग्राहक आहात. मात्र वॉरंटी कार्डावर भाड्याच्या गाडीसाठी वेगळी अट असू शकते, ती खरेदीच्या आधीच विचारा.

मंचेरियलहून किंवा ऑनलाइन घेतला असेल तर?

सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथली माणसं तेलंगणात खरेदीला जाणारच. कोरची-धानोऱ्याला छत्तीसगड जवळ, ब्रह्मपुरी-नागभीडला नागपूर. दुकान दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असलं तरी तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ही सोय २०१९ च्या कायद्यानं दिली. बिल तेलुगूत असलं तरी ते बिलच आहे, फेकू नका.

ऑनलाइन मागवताना वस्तू परत करण्याची मुदत आणि वॉरंटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परत करण्याची मुदत संपली म्हणजे वॉरंटी संपली असं नाही. ई-कॉमर्स नियम २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. डबा उघडतानाचा व्हिडिओ करून ठेवा.

गाडीच्या डॅशबोर्डात एवढं असू द्या

- गाडीच्या नंबरासह पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड
- मजुरीची पावती, त्यावर किलोमीटरचा आकडा
- डब्याचं लेबल किंवा त्याचा स्पष्ट फोटो
- दुकानदाराशी झालेला लेखी व्यवहार

कागद पावसात भिजतात, छपाई उडते. म्हणून प्रत्येकाचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरही पाठवून ठेवा.